पारोशी तुळस

आमच्या घरात गुपित म्हणून टिकत नाही. यांच्या बदलीची बातमी यांच्याआधी कोपऱ्यावरच्या वाण्याला कळते, आणि मी डब्यांच्या मागे लपवलेली बर्फी नेमकी कुठे आहे ते पाहुण्यांनासुद्धा ठाऊक असतं. तरी एक गोष्ट मी बारा-तेरा वर्षं पोटात ठेवली आहे. यांना सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला सांगितली नाही — आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती, तिच्यासमोर तर मी ती रोज गिळते. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? खरं सांगू — तुम्ही माझ्या शेजारी राहत नाही म्हणून.

तसं पाहिलं तर तांब्याभर पाण्याची गोष्ट आहे. तेवढीच असती तर किती बरं झालं असतं.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढे माझी कीव यायला नको. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुली मला घाबरतात, आणि घाबरावं असंच माझं वागणं आहे. प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून निरीक्षणं मागून भरणारी मुलगी मला वासावरून ओळखता येते. "जे दिसलं तेच लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही" — हे मी इतक्या वेळा बजावलं आहे की मुली माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणतात. एकदा दाराआडून ऐकलंय मी. छान करतात.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला पाठ असेल.

आम्ही इंदिरानगरात राहायला आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. तिथे घरांपेक्षा प्लॉट जास्त होते आणि प्लॉटांपेक्षा बाभळी जास्त. आमचं घर जुळं. अर्धं आमचं, अर्धं सुनंदा गांगुर्डेचं, आणि दोन अंगणांच्या मध्ये कमरेइतकी भिंत. त्या भिंतीवरून काय गेलं नाही? विरजण गेलं, थर्मामीटर गेला, तिच्या घरची बुद्धपौर्णिमेची खीर आली, माझ्या पोराची न आवडलेली भाजी तिकडे गेली आणि तिथे त्यानं ती मिटक्या मारत खाल्ली. सुनंदा एका सरकारी कचेरीत कारकून. नवरा बाहेरगावी नोकरीला. घरी ती आणि तिचे वडील, आप्पा.

माझ्या सासूबाई — घरात आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचो — मूळच्या नांदगावच्या. पहिली दोन वर्षं त्यांनी सुनंदाच्या घरचं पाणी घेतलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, सुनंदानं विचारलं नाही, आणि मी — शिकलेली सून — मला काही दिसलंच नाही. मग एका दुपारी आत्याबाई ओट्याच्या पायरीवरून घसरल्या. घरात कुणी नव्हतं. सुनंदा भिंत ओलांडून आली, त्यांना उचललं, आपल्या माठातलं पाणी पाजलं. आत्याबाईंनी तो विषय त्या दिवशी संपवला. "तिच्या हातचं पाणी लय गोड हाय," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या थंडीपासून आप्पांसाठी मेथीचे लाडू भिंतीवरून जायला लागले. त्या बाईनं स्वतःला बदललं, तेही साठी ओलांडल्यावर. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग यायचा संभव आहे, आणि तो त्यांच्यावर काढू नका.

कॉलनीच्या मागे, ओढ्यापलीकडे, खडीचा क्रशर होता. दिवसभर घरघर, आणि वारा आमच्याकडे फिरला की पांढरी धूळ. गच्चीवर पापड घातले तर संध्याकाळी ते खडीचे होऊन यायचे. आम्ही हसण्यावारी न्यायचो. आप्पांना ते जमत नव्हतं. त्यांचा खोकला पहाटे सुरू व्हायचा आणि त्याच्यावर आमची कुकरची वेळ ठरायची. खोकून दमले की भिंतीला टेकून उभे राहत आणि जणू आपण काही अपराध केला अशा चेहऱ्यानं आमच्याकडे पाहून हसत. फार गोड म्हातारा. माझ्या मुलाला त्यांनी भोवरा हातावर घ्यायला शिकवला.

सुनंदानं अर्जांमागून अर्ज केले. स्वतः टाइप केलेले, कार्बनची प्रत जपून ठेवलेली. शेवटी एक साहेब येऊन पाहून गेले. भला माणूस होता. म्हणाला, "धूळ आहे हो, नाही कोण म्हणतं? पण किती, ते कुणी मोजलंय का? मोजून द्या, मी क्रशरला पत्रे ठोकायला लावतो, पाणी मारायला लावतो. नाही ऐकलं तर बंद करतो."

मोजायला माणूस मीच आणला. तेवढं श्रेय माझं आहे आणि मला ते नको आहे.

आगाशे मॅडम कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. गंगापूर रोडला राहायच्या, लुनावर फिरायच्या, आणि लुनाच्या हँडलला नेहमी एक पिशवी — तिच्यात पानं. हवा मोजायचं यंत्र मागून मागून त्या थकल्या होत्या, तेव्हा त्यांनी यंत्राचा नाद सोडून झाडांना कामाला लावलं. युक्ती साधी होती. एकाच रोपवाटिकेतल्या, एकाच उंचीच्या तुळशीच्या कुंड्या. निम्म्या आमच्या कॉलनीत, निम्म्या दूर गंगापूर रोडला. तुळशीचं लग्न झालं की ठेवायच्या आणि शिमग्यापर्यंत दर पंधरवड्याला पानं तोडून न्यायची. त्यावरची धूळ मऊ ब्रशनं कागदावर उतरवायची आणि कॉलेजच्या तराजूत तोलायची. थंडीत पाऊस नाही, म्हणजे पानावर जे बसेल ते बसलेलंच राहील. नियम एकच — पाणी बुडाशी. पान पुसायचं नाही, भिजवायचं नाही.

"तुळसच का मॅडम?" मी विचारलं होतं.

"मनीप्लँट दिला तर महिन्यात वाळवाल तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुळस कोणी मरू देणार नाही."

सुनंदा कुंडी घेताना हसली. "मॅडम, मी पाणी घालीन. हात जोडणार नाही. चालेल?" मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "मला अशीच माणसं हवीत," म्हणाल्या.

आणि त्यांनी खरंच तशीच माणसं घ्यायला हवी होती.

आता येते त्या सकाळकडे — नाही, थांबा, एकच सकाळ असती तर ही गोष्टच झाली नसती. रोजची सकाळ. आत्याबाईंची आंघोळ झाली की त्या तांब्या घेऊन वृंदावनापाशी जायच्या आणि तुळशीच्या डोक्यावरून, पानापानावरून पाणी घालायच्या. मग हळदकुंकू. मॅडमची कुंडी वृंदावनाच्या शेजारीच, भिंतीजवळ ठेवलेली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी पाहते तर दुसरा तांब्या तिच्या डोक्यावर.

मी धावले. समजावलं. प्रयोग, धूळ, आप्पा, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकीला आंघोळ घालायची अन् दुसरीला पारोशी ठिवायची? आपल्याच दारात? ती बी तुळसच हाय ना?"

काय उत्तर द्याल तुम्ही? मी चिडचिड केली, त्या "बरं बाई" म्हणाल्या. दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या, आणि वर पदरानं पानं टिपलेली, लेकराचं तोंड पुसावं तशी. मला खरं तर हसू आलं होतं. इतक्या मायेनं काही चुकीचं करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

तेव्हाच मॅडमना फोन करून "माझी कुंडी बाद करा" म्हणाले असते तर? एक वाक्य. त्याऐवजी मी काय केलं — तुळशीच्या आंघोळीच्या वेळेला मी आत जायला लागले. पोळ्या असायच्या ना. जे दिसलं तेच लिहायचं, आणि मला दिसणार नाही अशी जागा मी धरली.

मॅडम पानं न्यायला यायच्या तेव्हा त्यांना माझी कुंडी लखलखीत दिसायची. "शैला, तुझ्याकडे धूळ फार कमी बसते ग," एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, "वृंदावनाचा आडोसा असेल." बघा, कारणसुद्धा पुरवलं. तेही शास्त्रीय.

शिमग्यानंतरच्या एका रविवारी सकाळी कॉलनीच्या सभागृहात बैठक झाली. साहेब आले, क्रशरवाल्यांचा इंजिनियर आला, आम्ही सगळे आलो. आत्याबाई घरी होत्या, कुरडयांचा घाट घातला होता त्यांनी. मॅडमनी पुठ्ठ्यावर मोठा तक्ता करून आणला होता. एकेका घरापुढे एकेक आकडा. मॅडम बोलत होत्या, पण आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. आमच्या कॉलनीतली घरं आणि गंगापूर रोडची घरं जवळपास सारखीच निघाली होती. फक्त एक ओळ सोडून. सुनंदाच्या कुंडीवरची धूळ सगळ्यांहून कितीतरी पट होती.

इंजिनियर हुशार होता. उठून त्यानं एकच प्रश्न विचारला. "या दोन घरांची भिंत एक आहे. मग एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन हवा कशा?"

सगळे सुनंदाकडे बघायला लागले. अर्ज तिचे. तक्रार तिची. इंजिनियर मवाळ आवाजात म्हणाला की त्रास झालेला माणूस कधीकधी मूठभर धूळ स्वतःच टाकतो, तो काही म्हणत नाही, फक्त शक्यता सांगतो. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी, हळू पण सगळ्यांना जाईल इतपत, बोललं — "ज्यांना तुळशीचं काही नाही, त्यांच्या दारात तुळस ठेवल्यावर दुसरं काय होणार."

सुनंदा ताठ बसून होती. हात मांडीवर, एकावर एक. साहेबांना ते बोलणं आवडलं नाही, त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता. तुमच्या कुंडीचं नेमकं सांगा. पाणी कसं घातलं?"

तेव्हा सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात, राग नव्हता. वर्गात एखादीला उत्तर येतं हे माहीत असलं की मी जशी तिच्याकडे बघत थांबते — तसं, विश्वासानं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सांगितल्याप्रमाणेच. फक्त बुडाशी. पानांना आमच्याकडे कुणी हात लावला नाही."

झालं. हे ते वाक्य. इतकी वर्षं एवढंच दडवून ठेवलं आहे मी.

का बोलले? आत्याबाईंची अब्रू झाकायला? त्या तिथे असत्या तर उभ्या राहून म्हणाल्या असत्या, "व्हय, मीच घातली आंघोळ. मग?" त्यांना लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. लाज मला वाटत होती. मॅडमसमोर, साहेबांसमोर, विज्ञानाच्या बाईंच्या घरात प्रयोगाची तुळस रोज न्हाते, हे सांगायची. इतकी क्षुल्लक लाज. पण तिच्याखाली अजून काहीतरी होतं, आणि इथे लिहिता लिहिता माझा हात थांबतो आहे. मला माहीत होतं की माझ्यावर विश्वास ठेवतील. माझ्यावर ठेवतील आणि तिच्यावर नाही. मी हे उभं राहतानाच जाणत होते, आणि त्याचा आधार घेऊनच उभी राहिले. दोन वर्षं पाणी न घेणारी माझी सासू तिच्या हातचं पाणी प्यायला शिकली. मी तर पहिल्या दिवसापासून पीत होते — मला वाटायचं, माझं त्या बाबतीत सगळं ठीक आहे.

मॅडम तक्त्याकडे वळल्या. त्यांच्या कानामागे नेहमी एक पेन्सिल खोचलेली असायची. ती काढून त्यांनी सुनंदाच्या ओळीवर आडवी रेघ मारली. हळू मारली, त्यांनाही ते जड जात होतं. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "तुझा शब्द होता म्हणून बरं, नाहीतर मी कुणावर भरवसा ठेवला असता?" मी त्यांच्या लुनाची पिशवी धरली होती. ती त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी अहवालात लिहिलं की कॉलनीत विशेष धूळ आढळत नाही आणि एक नमुना संशयास्पद आहे. क्रशरला ना पत्रे लागले, ना पाणी. सुनंदानं पुन्हा अर्ज टाइप केला नाही. मॅडमनीही तुळशीचं काम गुंडाळलं, निवृत्तीनंतर मुलीकडे निघून गेल्या. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि सुनंदा? दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर विरजणाची वाटी होती. नेहमीसारखी, वर बशी झाकलेली. आत्याबाई मला म्हणाल्या, "पोरीचा चेहरा का उतरलाय गं? कोणी बोललं का तिला?" मी म्हटलं, काही नाही, क्रशरचं झालं नाही म्हणून. तर कुरडया वाळल्याबरोबर पहिला घाणा तळून त्या तिच्याकडे घेऊन गेल्या. आपल्या तांब्यानं काय झालं हे मी त्यांनाही कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्या पायरी उतरून सरळ साहेबांच्या कचेरीत गेल्या असत्या, म्हणूनच कळू दिलं नाही.

पुढच्या थंडीच्या आधी सुनंदानं आप्पांना गावी भावाकडे पोचवलं. तिथे हवा मोकळी होती. आप्पांना जायचं नव्हतं. रिक्षात बसण्याआधी त्यांनी भिंतीवर हात ठेवला, निरोप घेतात तसा, आणि माझ्या मुलाला म्हणाले, "भोवरा विसरू नको हां." दीड-दोन वर्षांनी ते तिथेच गेले. सुनंदाला शेवटची भेट झाली नाही. क्रशरमुळे गेले असं मी म्हणणार नाही, वय झालं होतं, आणि म्हणायला पुरावा नाही. पुरावा का नाही, ते मात्र मला माहीत आहे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर ओढ्यापलीकडे इमारती आल्या आणि क्रशर आपोआप गेला. आत्याबाईही गेल्या. मग काही वर्षांनी आमच्या शाळेच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसलं. कपाटाएवढं, घरघर करणारं, आत पांढरा गोल कागद. दिवसाअखेर तो राखाडी व्हायचा. मुलींना दाखवताना मी इतकी खूश होते की संध्याकाळी सुनंदालाही घेऊन गेले. तिनं चष्मा सावरून सगळं नीट पाहिलं. कागद कसा बदलतात, तोलतात कुठे, अहवाल कुणाकडे जातो, एकेक विचारलं. मग यंत्राच्या पत्र्यावर तळवा ठेवून म्हणाली —

"शैलाताई, याला कोणी आंघोळ घालत नाही ना?"

आणि हसली. तिचं नेहमीचं हसू, डोळ्यांच्या कडा बारीक करणारं. त्यात विष नव्हतं, ते असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या वृंदावनासमोर उघडते. आजही. तेव्हा रोज सकाळी चहा ठेवताना तिला आत्याबाईंचे दोन्ही तांबे दिसत असणार. म्हणजे त्या सभागृहात तिला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर — पण तिच्या तोंडून आत्याबाईंच्या तुळशीबद्दल तो शब्द निघाला असता, तर त्या मागच्या रांगेनं त्याचं काय केलं असतं, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. तो शब्द माझ्याच तोंडून यायला हवा होता. ती त्याची वाट बघत होती.

गच्चीवर मी काय केलं? मीही हसले. म्हटलं, "चल, चहा घेऊ." आम्ही चहा घेतला. तिनं माझ्या कपात जास्तीची साखर टाकली, मला गोड लागतो म्हणून.

कधीकधी मनात येतं, त्या तक्त्यावरची बाकीची घरंही इतकी स्वच्छ कशी निघाली? गंगापूर रोडच्या तुळशी तरी पारोशा राहिल्या असतील का? पण ती घरं मी पाहिलेली नाहीत. जे दिसलं तेच लिहायचं.

सुनंदाच्या अंगणात तुळस अजून आहे. मॅडमची नाही, तिच्या मंजिऱ्यांतून पुढे उगवत आलेली. सुनंदा हात जोडत नाही, पाणी मात्र बुडाशीच घालते. मॅडमनी तिला सांगितलं होतं, ते कुणी मागे घेतलेलं नाही. आमच्या वृंदावनातल्या तुळशीला आता मी आंघोळ घालते, वरून, पानांवरून, आत्याबाईंसारखी. भिंतीपलीकडे खिडकी उघडी असते आणि चहाचा वास येतो.

मॅडमच्या तक्त्यावर दुरुस्ती राहून गेली आहे, ती इथे करते. माझ्या कुंडीची पानं रोज धुतलेली होती, आणि मला ते माहीत होतं. पेन्सिलची रेघ चुकीच्या ओळीवर आहे. सुनंदाच्या कुंडीवरची धूळ खरी होती.